परळची प्रयोगशाळा आणि गर्भिणीची गोळी

या व्याख्यानमालेच्या पुस्तिकांतून आजवर आपण संस्थानांचे, संतांचे, छापखान्यांचे आणि नाटकमंडळ्यांचे इतिहास वाचले असतील. या वेळचा विषय जरा घरगुती आहे. घरात दिवस गेलेली सून असते किंवा बाळंतपणाला आलेली लेक असते, तिच्या उशाशी एक डबा असतो आणि त्या डब्यात गोळ्या असतात. त्या तिथवर कशा आल्या, आणि कोणती गोळी केव्हा घ्यावी व कोणतीला हातही लावू नये हे ज्ञान माणसाने काय किंमत मोजून मिळवले, त्याची ही हकीकत आहे. तिचा एक मोठा अध्याय मुंबईत, परळला घडला. तो मराठी वाचकालाही फारसा ठाऊक नाही, म्हणून त्यावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे.

गरोदर बाईने काय खावे आणि काय टाळावे हे सांगणाऱ्यांची आपल्या घरांत कधीच वाण नव्हती. इंदूरचा वाडा असो, बडोद्याची पोळ असो की बेळगावची गल्ली, पाळी चुकल्याची कुणकुण लागली की सल्ले सुरू होतात. पपई नको, ती उष्ण. केशर घाल दुधात, मूल गोरे होईल. अमक्या वैद्याची पुडी घे, तमकीला लागू पडली होती. या सल्ल्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांतल्या काहींना आधार आहे: कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावते हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे, पिकलेल्या पपईत तो दोष आढळला नाही. केशराने मूल गोरे होते याला मात्र कसलाही आधार नाही. अडचण अशी की घरातल्या बोलण्यात हे दोन्ही सल्ले एकाच स्वरात, एकाच खात्रीने दिले जातात.

आपल्या जुन्या ग्रंथांचा स्वर त्याहून सावध होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची उपमा काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राशी दिली आहे. ते पात्र नेताना जसे हिंदकळू द्यायचे नाही, तसे तिला जपावे. औषध द्यावे लागलेच तर मृदू, मधुर आणि शीत द्यावे. वमन-विरेचनासारखे तीव्र उपचार टाळावेत. पुढे महिन्यामहिन्याचा आहार सांगितला आहे. त्यात पहिल्या महिन्याविषयी जे आहे ते आज वाचताना थबकायला होते. दिवस राहिल्याची नुसती शंका असेल तेव्हा काय घ्यावे? तर साधे, कसलेही औषधी द्रव्य न घातलेले दूध, तेही बेताचे. ‘आयुर्वेदिक आहे म्हणजे अपाय होणारच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय एकदा डोळ्यांखालून घालावा. औषध बेताने, हा तर तिथलाच आग्रह आहे.

या ग्रंथांकडे नव्या वैद्यकाच्या नजरेने पाहणाऱ्या पहिल्या लोकांत एक मराठी बाई होती. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला होता तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती. पण १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या हातून जे व्हायचे ते राहूनच गेले.

त्यानंतर चाळीस वर्षांनी लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली. साल १९२८. ती तेव्हा चाळिशीची होती. केंब्रिजला तिने वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकले होते आणि नंतर लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून १९२० साली डॉक्टर झाली होती. तिला बोलावणारी होती डॉ. मार्गारेट बालफोर, हिंदुस्थानात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत उभी हयात घालवलेली बाई. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी तेव्हा हाती घेण्यात आली होती. तिच्यातला एक प्रश्न विल्सकडे आला: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत होणारा भयंकर पंडुरोग. बाई पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, धाप लागे, आणि पुष्कळदा बाळंतपण तिला पेलतच नसे. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या दिसत. लोह कमी पडल्याने जो पंडुरोग होतो त्यात पेशी लहान होतात. हा रोग निराळा होता.

काम चाले परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात. या जागेत १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला हाफकिनचे नाव मिळाले. भोवती गिरणगाव. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आलेल्या या बायका नवव्या महिन्यापर्यंत खात्यात उभ्या असत. नेमके याच सुमारास मुंबईच्या कायदेमंडळात त्यांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेचे विधेयक चर्चेला होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली त्याला पाठिंबा देणारे भाषण केले आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. देशातला तसा तो पहिलाच. एकाच शहरात, एकाच वेळी, एकीकडे या बाईला रजा मिळावी म्हणून भांडण चालू होते आणि दुसरीकडे तिच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला जात होता. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. त्या जवळजवळ ठेवून पाहायला हव्यात.

विल्सने आधी बायका काय खातात ते पाहिले. खात्यापित्या घरच्या बायकांत हा रोग जवळजवळ नव्हता. गिरणीत राबणाऱ्या आणि गरीब वस्तीत राहणाऱ्या बायकांत होता, आणि ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्या गरीब मुसलमान बायकांत तो सर्वांत जास्त होता. तेव्हा हे धर्माचे किंवा जातीचे लक्षण नसून ताटाचे आहे, असा तिने अंदाज बांधला. त्या बायकांच्या जेवणाशी जुळणारा आहार तिने पांढऱ्या उंदरांना घातला. गाभण उंदरीण रक्तहीन होऊन मेली, आणि आहारात यीस्ट घातले तर तगली. पुढे असे उघड झाले की उंदरांच्या त्या आजारात उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ही अडगळ सहसा सांगत नाहीत. पण मला वाटते ती सांगावी, कारण पुढे आपण जाहिरातींत ‘प्रयोगाने सिद्ध’ असे वाचतो तेव्हा प्रयोग किती वाटांनी फसू शकतो हे ठाऊक असलेले बरे.

उंदरांवरून ती माकडांकडे वळली. त्या काळात वेगळ्या एका जीवघेण्या पंडुरोगावर प्राण्याच्या काळजाचा, म्हणजे यकृताचा, अर्क रामबाण ठरला होता. तो विल्सनेही वापरला. पण मुंबईच्या बायकांना परवडणारे काही हवे होते. तिने घेतले मार्माइट. बिअरच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा काळसर, खारट लगदा इंग्रज लोक पावाला लावून खातात. त्याची चव आपल्यापैकी कोणी घेतली असेल तर ती विसरली नसेल. हा स्वस्त लगदा दिल्यावर माकडाचे रक्त सुधारले, आणि मग बायकांचेही. १९३१ साली तिने हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. यकृताचा अर्क जसजसा शुद्ध करत न्यावा तसतसा तो या रोगावर निकामी होतो, हेही तिच्या ध्यानात आले. म्हणजे यीस्टमध्ये आणि कच्च्या अर्कात काहीतरी निराळे होते. त्याचे नाव कोणालाच माहीत नव्हते, म्हणून लोक त्याला ‘विल्सचा घटक’ म्हणू लागले. तिच्या निबंधांवर सहलेखिका म्हणून तळपदे आणि मेहता अशी नावेही आहेत. ज्या बायकांनी रक्त दिले त्या निनावी राहिल्या.

तो घटक शेवटी सापडला तो पालकात. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालक कुटून, गाळून, त्यातून अगदी चिमूटभर द्रव्य वेगळे करण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडले फोलिक आम्ल. आपल्या अळूच्या फदफद्याला आणि मेथीच्या भाजीला यापेक्षा मोठी पावती कोणती! पण पालेभाजी फार शिजवली की यातला बराच भाग नाहीसा होतो, हेही सांगून ठेवतो.

कारखान्यात ते तयार करणाऱ्या चमूचा प्रमुख होता आपल्या शेजारचा माणूस. येल्लाप्रगड सुब्बाराव हे भीमावरमचे, गोदावरीच्या तळातले. हैदराबादच्या वाचकांना त्यांचे नाव नवीन नसेल. त्यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या विकाराने गेले. त्या विकारातही असाच पंडुरोग होतो. १९४५ पर्यंत अमेरिकेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेने फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने घडवले, आणि त्याच्या विरुद्ध काम करणारी द्रव्येही घडवली. त्यांतल्या एकाने रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराची दारे उघडली. तेच द्रव्य १९५०च्या सुमारास गर्भपातासाठी देऊन पाहण्यात आले. काही गर्भ पडले नाहीत आणि मुले व्यंग घेऊन आली. फोलिक आम्ल अडवले तर गर्भाची घडणच बिघडते, हे अशा क्रूर रीतीने कळले.

मग १९६०च्या दशकात लिव्हरपूलमध्ये एक शंका पुढे आली. काही मुलांचा पाठीचा कणा उघडा राहतो किंवा डोक्याची कवटीच नीट बनत नाही. त्यांच्या आयांत या घटकाचे काहीतरी बिनसलेले दिसते. शंकेची खात्री व्हायला १९९१ उजाडले. सात देशांतल्या तेहतीस केंद्रांत, आधी असे मूल झालेल्या बायकांवर चाचणी झाली. गर्भ राहण्याआधीपासून फोलिक आम्ल घेणाऱ्यांत तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले. परळला ज्या द्रव्याने आयांचे प्राण वाचवले, तेच मुलांचे कणेही वाचवते असे साठ वर्षांनी सिद्ध झाले.

आता ‘गर्भ राहण्याआधीपासून’ या शब्दांपाशी थांबू या, कारण सगळी मेख तिथे आहे. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते. अठ्ठावीसाव्या दिवशी बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. घरात अजून कोणाला सांगितलेले नसते, डॉक्टरकडे नाव घातलेले नसते. तिसऱ्या महिन्यात ओल्या नारळाने ओटी भरून मग पहिली गोळी सुरू करणाऱ्या घरात फोलिक आम्ल येते तोवर त्याचे ते काम होऊन गेलेले असते. म्हणून मूल हवे असे ठरले की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम आणि पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या दुकानांतून सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारापटीहून मोठी गोळी. ती आधीच्या मुलाला असा दोष असलेल्या, मधुमेह असलेल्या, फेफऱ्याची काही औषधे घेणाऱ्या बायकांसाठी डॉक्टर ठरवून देतात. ‘फोलिकच आहे ना’ म्हणून शेजारणीची पट्टी आणायची नसते.

याच कॅलेंडराची दुसरी, काळी बाजू म्हणजे थॅलिडोमाइड. हे नाव आपण ऐकलेले असेल. तपशील मात्र पुन्हा सांगण्यासारखा आहे, कारण हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत होते. पश्चिम जर्मनीत १ ऑक्टोबर १९५७ रोजी ते झोपेची सौम्य गोळी म्हणून बाजारात आले. कितीही घेतली तरी जीव जात नाही, हा तिचा मोठा गुण मानला गेला, आणि सकाळच्या मळमळीवरही ती गुणकारी म्हणून बायका घेऊ लागल्या. ब्रिटनमधल्या जाहिराती ती गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना निर्धोक असल्याचे सांगत होत्या. गोळी बाजारात येण्याच्या सुमारे नऊ महिने आधी, १९५६ च्या नाताळच्या दिवशी, त्याच कंपनीच्या एका नोकराच्या घरी बिनकानांची मुलगी जन्मली होती. त्याने नमुन्याच्या गोळ्या गरोदर बायकोला आणून दिल्या होत्या. कोणी दोन गोष्टींची सांगड घातली नाही.

सांगड घातली ती १९६१ मध्ये हँबर्गच्या विडुकिंड लेंझ यांनी आणि ऑस्ट्रेलियातल्या विल्यम मॅकब्राइड यांनी, एकमेकांना न कळत. नोव्हेंबरच्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतले गेले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुले आखूड हातापायांची किंवा हातपाय नसलेली जन्मली होती, आणि त्यांतली कितीतरी जगली नाहीत. अमेरिका बहुतांशी वाचली, ती फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईने कंपनीच्या तगाद्याला दाद न देता पुरावा मागत राहिल्यामुळे. पुढे हिशेब मांडला तेव्हा कळले की धोक्याचा काळ गर्भधारणेनंतरच्या विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसापर्यंतचा. त्या पंधरवड्यात एखादी गोळीसुद्धा पुरे होती. छत्तिसाव्या दिवसानंतर घेतली त्यांच्या मुलांचे हातपाय शाबूत राहिले. म्हणून ‘मी घेतली होती, मला काही झाले नाही’ ही साक्ष या प्रांतात कवडीमोलाची ठरते. तिने कोणत्या दिवशी घेतली, हे तिलाही ठाऊक नसते. त्याआधीचे वैद्यक वारेला तटबंदी समजत होते. आईच्या रक्तातले विष गर्भापर्यंत सहसा पोचत नाही, असा समज होता. तो समज तिथे संपला.

आपल्या देशात याहून निराळी गोष्ट घडली आणि ती आपल्या पिढीसमोर घडली. पाळी चुकली की औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणायच्या. पाळी आली तर दिवस नव्हते, नाही आली तर आहेत. या गोळ्यांत स्त्रीसंप्रेरकांची मोठी मात्रा असे. खरोखर दिवस असतील तर ती मात्रा नेमक्या त्या नाजूक आठवड्यांत गर्भावर जाऊन पडे. ब्रिटनमध्ये या गोळ्या १९७८ साली बंद झाल्या. आपल्याकडे १९८२ साली बंदीचा हुकूम निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली, स्त्रीसंघटना आणि डॉक्टर रस्त्यावर आले, जाहीर सुनावण्या झाल्या, आणि १९८८ साली बंदी कायम झाली. या गोळ्यांमुळे व्यंगे झाली की नाही याचा वाद ब्रिटनमध्ये अजून मिटलेला नाही. पण मला वादाची तशी गरजच वाटत नाही. लघवीच्या तपासणीने जे कळते ते कळण्यासाठी गरोदर बाईला औषध द्यायचे कशाला? शिवाय कितीतरी बायका या गोळ्या गर्भ पाडण्यासाठी म्हणून घेत. त्या त्याही कामाच्या नव्हत्या.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग काहीच घेऊ नये हे बरे. तसे नाही, आणि त्याचाही इतिहास आहे. मळमळीवर डॉक्सिलामाइन आणि जीवनसत्त्व ब-६ यांची एक जोडगोळी १९५६ पासून अमेरिकेत मिळत असे. थॅलिडोमाइडनंतर भ्यालेल्या जगात तिच्यावरही दावे झाले, आणि १९८३ साली कंपनीने ती मागे घेतली. व्यंगांचे प्रमाण तसूभर कमी झाले नाही; उलट्यांनी बेजार होऊन इस्पितळात भरती होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. अभ्यासांवर अभ्यास होऊन २०१३ मध्ये ती तिथे परत आली. या प्रकरणात तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत एक होते तेच विल्यम मॅकब्राइड, थॅलिडोमाइडचा धोका ओळखणारे. १९९३ साली सशांवरच्या प्रयोगांचे आकडे बनवल्याचे त्यांच्यावर सिद्ध झाले आणि डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्यांचे नाव काढण्यात आले. एकदा बरोबर ठरलेला माणूस पुढच्या वेळीही बरोबर असेल असे नाही; सासूबाईंना, मेडिकलवाल्याला आणि मोठ्या डॉक्टरलाही हे लागू आहे. भीतीचा दुसरा तोटा असा की फेफरे, थायरॉइड, दमा, रक्तदाब यांची औषधे बायका दिवस गेल्याचे कळताच आपणच बंद करतात. यांतली काही बदलावी लागतात हे खरे, पण ती डॉक्टरने बदलायची. झटका आला किंवा दमा उसळला तर पोटातल्या मुलाचाही श्वास अडतो.

आता आजच्या डब्याकडे येऊ. परळच्या बाईचा रोग उणिवेचा होता. आपल्या घरातल्या लेकीच्या डब्यात उणीव आणि अतिरेक शेजारी शेजारी बसलेले असतात. आपल्यासारख्या पांगलेल्या घराण्यांत तर एक खास घोटाळा होतो. लेक नांदते पुण्याला किंवा बंगळुरूला, सातव्या महिन्यात बाळंतपणाला येते ग्वाल्हेरला किंवा बेळगावला. तिथल्या डॉक्टरच्या गोळ्या चालू असतात, इथले डॉक्टर आपल्या गोळ्या लिहितात. नावे वेगळी, रंग वेगळे, आतला माल एकच. लोह दुप्पट, कॅल्शियम दुप्पट, जीवनसत्त्व ड तिप्पट. वर कोणी आणून दिलेली ‘प्रेग्नन्सी प्रोटीन’ची पावडर, तिच्यातही तेच घटक. अशा पावडरी आणि कॅप्सूल कायद्याने पुष्कळदा औषध नव्हे तर अन्न म्हणून विकल्या जातात, त्यामुळे दुकानदार चिठ्ठी मागत नाही. दोन्ही डॉक्टरांपुढे सगळा डबा, पुड्या आणि काढ्यांसकट, नेऊन ओतावा. लाजण्याचे त्यात काही नाही.

जास्त झाले तर बिघडते कुठे, असे विचारणाऱ्यांसाठी जीवनसत्त्व अ चे उदाहरण पुरेसे आहे. १९३३ साली टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला हे जीवनसत्त्व अजिबात न देता ठेवले. तिला अकरा पिल्ले झाली, एकालाही डोळे नव्हते. वीस वर्षांनी दुसऱ्या प्रयोगात उंदरिणींना तेच भरमसाट दिले, तर पिल्लांत व्यंगे आली. १९९५ साली बॉस्टनच्या अभ्यासाने माणसांत रोज १०,००० एककांच्या वर तयार जीवनसत्त्व अ घेण्याकडे बोट दाखवले. गाजर-भोपळ्यातून मिळते त्याची चिंता नाही. कॉडलिव्हर तेल आणि जादा ताकदीच्या कॅप्सूल यांची आहे. त्याच कुळातले मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन तर गर्भाला उघड विषारी आहे.

अंगदुखीच्या गोळ्यांविषयी थोडक्यात. ताप आणि दुखण्यावर गरजेपुरती, थोडे दिवस, विचारून घेतलेली पॅरासिटामॉल हीच पहिली निवड. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या वीस आठवड्यांनंतर गर्भाच्या मूत्रपिंडावर ताण आणून गर्भजल कमी करू शकतात, आणि शेवटच्या तिमाहीत हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटवू शकतात. आपल्या दुकानांतल्या पुष्कळ ‘कंबरदुखीच्या’ गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यांतलेच एखादे औषध मिसळलेले असते. पट्टीची मागची बाजू वाचल्याशिवाय ते कळत नाही.

भस्मांचा विषय अवघड, कारण त्यात श्रद्धा गुंतलेली आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडले. साऱ्याजणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे वारेतून पलीकडे जाते आणि मुलाच्या मेंदूवर बसते. ‘मुलगा होण्याचे’ औषध म्हणून ज्या पुड्या आपल्याकडे अजून हातोहात फिरतात, त्यांत काय आहे हे देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. गर्भाचे लिंग तर गर्भ राहतो त्याच क्षणी ठरून गेलेले असते. शिकलेल्या वैद्याकडे जावे, त्याला दिवस किती गेले ते सांगावे आणि पुडीवर घटक लिहून मागावेत. चरकाच्या परंपरेतला माणूस यावर रागावणार नाही.

राहिली लोहाची लाल गोळी. सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत ती फुकट मिळते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. लूसी विल्सला परळमध्ये हवी होती ती जवळजवळ हीच वस्तू. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. चहाबरोबर तर नकोच, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल. पोट जड वाटले तर रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळा होतो. ते रक्त नव्हे, न शोषलेले लोह आहे. पुष्कळ घरांत त्या काळ्या रंगाला भिऊन किंवा ‘उष्ण पडली’ म्हणून पट्टी आठ दिवसांतच फळीवर जाते, आणि बाळाच्या बारशाला आवरासावर करताना तशीच्या तशी सापडते.